प्रामाणिक साक्षीदारही चुकतो: गृह विभागाला आणि पोलीस महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय: साक्षीदाराकडून आरोपीची ओळख पटवून घेण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

महोदय / महोदया,

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यातल्या सहा माणसांना निर्दोष सोडलं. सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. सोळा वर्षं तुरुंगात काढलेले, आणि त्यातला बराच काळ फाशीच्या छायेत. त्यांच्यातल्या एकाचं वय घटनेच्या वेळी अठराच्या आत होतं, हे सिद्ध व्हायलाही कित्येक वर्षं जावी लागली. न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांचा तो निकाल आपल्या दप्तरी असेलच. पोलीस प्रशिक्षणाच्या प्रत्येक तुकडीला तो वाचायला द्यावा, इतका तो मोलाचा आहे.

घटना जून २००३ मधली. रात्री एका झोपडीवर हल्ला झाला, दागिने आणि पैसे लुटले गेले आणि पाच जणांचा जीव गेला. दोघं वाचले आणि त्यांच्या डोळ्यांवर सगळा खटला उभा राहिला. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांनी त्या साक्षी वाचल्या आणि तिन्ही पायऱ्यांवर त्या पटल्या. सख्ख्या माणसांचे खून ज्यांनी पाहिले, ते खोटं कशाला बोलतील, हा विचार कुणाच्याही मनात येईल. माझ्याही आला असता.

मग २०१९ मध्ये काय वेगळं दिसलं? घटनेनंतर दोनच दिवसांत, वाचलेल्या दोघांपैकी एका साक्षीदार बाईला पोलीस दप्तरातले फोटो दाखवले गेले होते आणि तिने त्यातून चार जण ओळखले होते. ते चौघं या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपास झाला नाही, त्यांना अटक झाली नाही. पुढे हे सहा जण पकडले गेले, ओळख परेड झाली, परेडमध्ये त्यांना ओळखलं गेलं, कोर्टात पुन्हा ओळखलं गेलं. पहिली ओळख कागदाखाली दबून राहिली आणि नंतरची फाशीपर्यंत पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, तपास प्रामाणिक आणि निष्पक्ष झाला नाही असं म्हटलं आणि जबाबदार अधिकारी शोधून काढण्याचे आदेश राज्याच्या गृह विभागाला दिले.

ती साक्षीदार खोटं बोलली, असं मला म्हणायचं नाही. हे पत्र लिहायचं कारणच ते आहे. आपल्या कोर्टांत, पोलीस ठाण्यांत, वर्तमानपत्रांत साक्षीदाराच्या दोनच जाती मानल्या जातात: खरा आणि फितूर. खरा असेल तर त्याचा शब्द प्रमाण, फितूर असेल तर त्याला कुणी पैसे दिले किंवा धमकावलं याचा शोध. तिसरा साक्षीदार आपल्या हिशेबातच नाही. जो मनापासून खरं बोलतो, शपथेला जागतो, कुणाचा दबाव घेत नाही, आणि तरीही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो. या तिसऱ्या साक्षीदाराला आपली कुठलीच चाळणी अडवत नाही. उलटतपासणी खोटं उघडं पाडायला बनलेली आहे. जो स्वतःच फसला आहे, त्याला कितीही प्रश्न विचारा, तो डगमगणार नाही आणि त्याचं न डगमगणं निकालपत्रात त्याच्या बाजूने लिहिलं जाईल.

मी सत्र न्यायालयात बचाव पक्षाकडून काम करते, तेव्हा माझं म्हणणं एका बाजूचं वाटू शकतं. पण या पत्रात मी जे मागते आहे, त्यात जखमीचा, विधवेचा, लेकरू गमावलेल्या बापाचा वाटा आरोपीइतकाच आहे. ते पाच खून कुणी केले, हे आज कुणालाही सांगता येत नाही. चुकीची ओळख एकाच वेळी दोन अन्याय करते आणि दुसऱ्याची दखल आपण घेतच नाही: निरपराध माणूस आत असताना खरा गुन्हेगार बाहेर असतो, आणि फाइल बंद झाल्यामुळे त्याला कुणी शोधत नाही.

आठवण म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्रीकरण, ही समजूत मानसशास्त्राने केव्हाच मोडीत काढली आहे. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना नंतर ऐकलेलं, वाचलेलं, सुचवलेलं त्यात मिसळतं. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या गटासाठी त्याच प्रश्नात सौम्य क्रियापद घातलं. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. कडक क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांनी होय म्हटलं, सौम्य ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांनी. एका क्रियापदाने हे होतं. आपल्या पोलीस ठाण्यात साक्षीदाराला विचारतात, “हाच होता ना? नीट बघ.” त्या ‘ना’ने किती काचा फुटत असतील, याचा अंदाज आपल्या अधिकाऱ्यांनी करावा.

दुसरी समजूत अशी की, भीती वाटली म्हणजे चेहरा मनावर कोरला जातो. हे मी न्यायाधीशांच्या तोंडून ऐकलं आहे आणि सरकारी वकिलांच्या युक्तिवादात तर नेहमीच असतं: “असा चेहरा माणूस जन्मात विसरेल का?” २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणातला आहे. पाचशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना, म्हणजे कसलेल्या माणसांना, युद्धकैद्यांसारखं ठेवून त्यांची चौकशी केली गेली. एक चौकशी कठोर, अंगावर येणारी, दुसरी सौम्य. दोन्हींत चौकशी करणारा समोरासमोर अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता. त्यानंतर त्याला प्रत्यक्ष उभ्या केलेल्या रांगेतून ओळखायचं होतं. सौम्य चौकशी करणाऱ्याला सुमारे ६२ टक्के लोकांनी बरोबर ओळखलं, कठोर चौकशी करणाऱ्याला अवघ्या ३० टक्के लोकांनी. उजेडात, अर्धा तास, समोरासमोर पाहूनही. आपल्याकडच्या दरोड्यात साक्षीदार काय पाहतो? रात्रीचा अंधार, तोंडाला रुमाल, हातात कोयता आणि दोन-तीन मिनिटं. शस्त्र समोर असलं की नजर शस्त्रावर खिळते, चेहऱ्यावर नाही, हेही अनेक प्रयोगांत दिसून आलं आहे.

आता आपली पद्धत पाहू.

पहिला टप्पा फिर्यादीचा आणि जबाबाचा. आरोपीचं वर्णन सगळ्या जिल्ह्यांत एकाच साच्यातलं असतं: ‘अंगाने मध्यम, रंगाने सावळा, वय अंदाजे २५ ते ३० वर्षे.’ शेवटी, ‘सदर इसम पुन्हा समोर आल्यास मी त्यास ओळखू शकेन.’ हे शब्द साक्षीदाराचे नसतात. रात्रभर रुग्णालयात बसलेली, डोक्याला टाके पडलेली बाई ‘सदर इसम’ म्हणत नाही. तिने काय सांगितलं, कुठे अडखळली, “अंधार होता हो, नीट दिसलं नाही” असं कितीदा म्हणाली, ते लेखनिकाच्या हातून गाळलं जातं. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, जबाब असाच लिहायचा असं त्याला शिकवलेलं असतं. पण घटनेच्या सर्वांत जवळची, सर्वांत कमी डागाळलेली आठवण तिथेच हरवते आणि पुन्हा कधीही मिळत नाही.

दुसरा टप्पा फोटोंचा. संशयिताचा फोटो मोबाइलवर दाखवला जातो. कधी एकटा, कधी जुन्या गुन्हेगारांच्या अल्बमातून. याची नोंद बहुतेक वेळा होत नाही. साक्षीदाराने फोटो पाहून “नाही” म्हटलं, तर ते तर लिहिलंच जात नाही, आणि बचावाच्या दृष्टीने तेवढंच महत्त्वाचं असतं. शिवाय एकदा फोटो पाहिला की परेडमध्ये साक्षीदार कुणाला ओळखतो? झोपडीत शिरलेल्या माणसाला की फोटोतल्या माणसाला? हे त्याचं त्यालाही वेगळं करता येत नाही. चेहरा ओळखीचा वाटतो, एवढंच त्याला कळतं. तो कुठे पाहिला होता, ही आठवण चेहऱ्याच्या आठवणीपेक्षा लवकर पुसली जाते. आज यात व्हॉट्सॲपची भर पडली आहे. अटकेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आरोपीचा फोटो गावातल्या चार ग्रुपवर फिरलेला असतो आणि काही वेळा तो पोलिसांच्याच कौतुकाच्या बातमीसोबत गेलेला असतो. त्यानंतर घेतलेल्या ओळख परेडला काय अर्थ उरतो?

तिसरा टप्पा परेडचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेडचे नियम आहेत आणि ते चांगले आहेत: एका संशयितासाठी रांगेत किमान सहा माणसं, दोन संशयित असतील तर दहा-बारा, एका परेडमध्ये शक्यतो दोनहून जास्त संशयित नकोत, पोलीस तिथे नकोत. पण नियम पाळल्याचा पुरावा म्हणजे परेड घेणाऱ्याने लिहिलेला पंचनामा. कोर्टात आम्ही विचारतो, डमी, म्हणजे संशयितासोबत रांगेत उभी केलेली इतर माणसं, दिसायला कसे होते? उत्तर येतं, “सारख्या वर्णाचे व बांध्याचे होते.” खरंच होते का? संशयिताला दाढी आणि बाकी सगळे गुळगुळीत, असं होतं का? संशयिताच्या पायात तीन आठवड्यांच्या कोठडीतली चप्पल आणि डमींच्या पायात बूट, असं होतं का? फोटो नाही, चित्रीकरण नाही. पंच म्हणतील ते.

परेड घेणारे नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी यांना संशयित कोण, हे आधीच माहीत असतं, कारण पोलिसांच्या पत्रात त्याचं नाव असतं. माणूस कितीही सचोटीचा असला तरी साक्षीदार संशयितासमोर थबकला की परेड घेणाऱ्याचा श्वास बदलतो आणि साक्षीदार पुढे सरकला की तो म्हणतो, “घाई नाही, पुन्हा एकदा बघा.” घाबरलेल्या साक्षीदाराला एवढा इशारा पुरतो. आणि साक्षीदाराला कुणी हे सांगत नाही की, तो माणूस या रांगेत नसेलही. त्यामुळे तो मनात धरून बसतो की पोलिसांनी गुन्हेगार पकडलाय, आपलं काम तो निवडण्याचं. मग सहा-सात जणांत आठवणीशी सर्वांत जास्त मिळताजुळता जो, त्याच्यावर बोट जातं. ‘तो रांगेत नसेलही’ हे एक वाक्य साक्षीदाराला आधी सांगितलं की चुकीची निवड स्पष्टपणे घटते, असं प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याला एक रुपया खर्च येत नाही.

परेड संपल्यावर जे घडतं, ते मला सर्वांत घातक वाटतं. बाहेर आलेल्या साक्षीदाराला कुणीतरी म्हणतं, “शाब्बास, बरोबर ओळखलंस.” १९९८ मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी हेच तपासलं. त्यांच्या प्रयोगातल्या रांगेत खरा गुन्हेगार नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची निवड चुकलेली होती. काहींना सांगितलं गेलं की, तुम्ही बरोबर संशयित निवडलात. त्या लोकांनी नंतर फक्त आपली खात्रीच जास्त सांगितली असं नाही, तर आपल्याला चेहरा किती स्पष्ट दिसला होता, आपण किती लक्ष देऊन पाहिलं होतं, हेही वाढवून सांगितलं. शाबासकीने निवड पक्की केलीच, पण मूळ पाहणंही बदलून टाकलं. कोर्टात आम्ही साक्षीदाराला विचारतो, उजेड होता का, अंतर किती होतं, किती वेळ पाहिलंस? ज्या उत्तरांवरून त्याची विश्वासार्हता जोखायची, ती उत्तरंच आधी डागाळलेली असतात.

शेवटचा टप्पा कोर्टाचा. कायद्याच्या दृष्टीने ओळख परेड हा मूळ पुरावा नव्हे, तो फक्त दुजोरा. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात आरोपीला ओळखणं. साक्षीच्या कागदावर ओळ येते: ‘आरोपी कोर्टात हजर आहे. मी त्यास ओळखतो.’ घटनेनंतर तीन, पाच, कधी आठ वर्षांनी. आरोपी कुठे बसतो, हे कोर्टात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. शेजारी पोलीस शिपाई उभा असतो. ज्या क्षणी ओळखीला सर्वांत कमी अर्थ उरलेला असतो, त्या क्षणाला आपण सर्वांत जास्त वजन देतो आणि ज्या पहिल्या क्षणी सर्वांत जास्त अर्थ होता, त्याची नोंदच ठेवत नाही.

अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० जणांच्या खटल्यांचा अभ्यास कायद्याचे प्राध्यापक ब्रँडन गॅरेट यांनी केला. त्यातल्या १९० जणांना साक्षीदारांनी चुकीचं ओळखलं होतं. त्याहून महत्त्वाचं असं की, खटल्यात ते साक्षीदार ठाम होते, पण ज्या खटल्यांची कागदपत्रं मिळाली त्यातल्या निम्म्याहून अधिक खटल्यांत पहिल्या ओळखीच्या वेळी तेच साक्षीदार साशंक होते, असं त्या कागदांतच लिहिलेलं सापडलं. खात्री मधल्या काळात तयार झाली होती. तिथे निदान शंकेची नोंद तरी सापडली. आपल्याकडे ती सापडणार कुठे?

कुणी म्हणेल, एकाचं चुकेल, अनेक साक्षीदारांचं कसं चुकेल? १८९६ मध्ये लंडनमध्ये ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाला एकापाठोपाठ एक अनेक स्त्रियांनी ओळखलं की, हाच तो आम्हाला फसवणारा. तो शिक्षा भोगून आला. १९०४ मध्ये आणखी स्त्रियांनी त्याला पुन्हा ओळखलं आणि तो पुन्हा दोषी ठरला. मग खरा ठग पकडला गेला. त्या प्रकरणाच्या धक्क्यातून इंग्लंडमध्ये १९०७ साली फौजदारी अपिलाचं न्यायालय उभं राहिलं. १९७६ मध्ये साक्षीदारांच्या ओळखीच्या पुराव्यावरचा डेव्हलिन समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयाने टर्नबुल खटल्यात घालून दिलं की, खटला ओळखीवर टेकलेला असेल तर प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो, हे न्यायाधीशाने ज्युरीला बजावून सांगितलंच पाहिजे. आज तिथे बहुतेक ओळखी व्हिडिओवर होतात: संशयितासोबत किमान आठ जणांच्या चित्रफिती, सगळा संच किमान दोनदा पाहायचा, आणि हे काम तपासाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने पाहायचं. २०२४ पर्यंत चाललेला आपला पुराव्याचा कायदा इंग्रजांनी १८७२ मध्ये दिला होता. त्यांनी स्वतःच्या घरात केलेली दुरुस्ती मात्र आपण घेतली नाही.

मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांचा उल्लेख टाळता येत नाही. ११ जुलै २००६ रोजी १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देऊ नये, असा आदेश तिथे झाला. म्हणून त्या माणसांविषयी मी एक शब्दही लिहिणार नाही. पण उच्च न्यायालयाने कशावर बोट ठेवलं ते पाहा: शंभरहून अधिक दिवस गप्प राहून मग पुढे आलेले साक्षीदार, परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नसणं, घटनेनंतर चार वर्षांनी कोर्टात पटवलेली ओळख. सर्वोच्च न्यायालयात पुढे काहीही ठरो, ज्यांनी आपली माणसं त्या गाड्यांत गमावली त्यांना एकोणीस वर्षांनी हे ऐकावं लागलं. राज्यातल्या सर्वांत मोठ्या तपासांपैकी एकात ओळखीचा पुरावा असा असेल, तर तालुक्याच्या ठाण्यातल्या दरोड्याच्या गुन्ह्यात तो कसा असेल?

आता मागणं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. रक्ताचा डाग हातमोजे घालून उचलायचा, पाकिटात सील करायचा, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला ते लिहायचं, कारण तो दूषित होतो. साक्षीदाराची आठवण त्या डागापेक्षा लवकर दूषित होते आणि ती मात्र आपण उघड्यावर ठेवतो. त्याच संहितेच्या कलम १८० मध्ये साक्षीदाराचा जबाब दृकश्राव्य साधनाने नोंदवता येईल, असं म्हटलं आहे. कलम ५४ मध्ये तर साक्षीदार दिव्यांग असेल तर ओळख पटवण्याच्या प्रक्रियेचं चित्रीकरण करायलाच सांगितलं आहे. म्हणजे कायद्याला हे शक्य वाटतं, साधनं ठाण्यात पोहोचली आहेत, अधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये ॲपही आहे. राहिलं आहे ते एक परिपत्रक: ज्या गुन्ह्यात आरोपी अनोळखी आहे आणि शिक्षा सात वर्षं किंवा त्याहून जास्त आहे, तिथे प्रत्यक्षदर्शीचा पहिला जबाब आणि ओळखीची प्रत्येक प्रक्रिया, मग ती फोटोवरची असो की परेड, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चित्रित झालीच पाहिजे. ‘करता येईल’च्या जागी ‘करावे’.

त्याच परिपत्रकात आणखी काही गोष्टी याव्यात. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे कळू नये. नाव बंद पाकिटात ठेवावं आणि परेड संपल्यावर उघडावं. साक्षीदाराला आधी सांगावं की, तो माणूस यात नसेलही आणि कुणालाच न ओळखणं हेही योग्य उत्तर आहे. बोट दाखवल्याबरोबर, कुणी काही बोलण्याआधी, त्याला विचारावं की किती खात्री आहे, आणि तो म्हणेल ते त्याच्या शब्दांत लिहावं. “बहुतेक हाच वाटतो” असं म्हणाला तर ‘बहुतेक’ कागदावर राहिला पाहिजे. हे मागण्यामागे साक्षीदाराचा शब्द नाकारण्याचा हेतू नाही. नीट घेतलेल्या पहिल्या परेडमध्ये साक्षीदार स्वतःहून जेवढा ठाम असतो, तेवढा तो बरोबर असण्याची शक्यता खरोखरच जास्त असते, असं अलीकडचं संशोधन सांगतं. तेव्हा ही नोंद सरकारी वकिलाच्याही हातातलं बळ आहे. चांगली घेतलेली ओळख उलटतपासणीत सहज मोडणार नाही.

फोटो दाखवले तर प्रत्येक फोटो आणि प्रत्येक उत्तर आरोपपत्रासोबत यावं, विशेषतः ‘नाही’ हे उत्तर. साक्षीदाराने दुसऱ्याच कुणाला ओळखलं असेल, तर तो कागद दडवणं ही शिस्तभंगाची बाब ठरवावी. २००३ चा तो कागद वेळेवर पुढे आला असता, तर सहा माणसांची सोळा वर्षं वाचली असती, आणि कदाचित खरे मारेकरीही सापडले असते. परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा कुठल्याही पोलीस ठाण्याच्या समाजमाध्यमांच्या खात्यावर, पत्रकार परिषदेत किंवा बातमीच्या फोटोत येता कामा नये.

परेडच्या रांगेत कोण उभं राहतं, हे आधी कुणावर संशय घेतला जातो यावर ठरतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण आजही गावाबाहेर चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या वस्तीवर जाते, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साक्षीदार ज्या वस्तीत कधी गेला नाही, तिथल्या तरुणांचे चेहरे त्याला एकसारखे वाटण्याचा धोका जास्त असतो. आपल्यापेक्षा वेगळ्या समूहातले चेहरे ओळखताना माणसाच्या चुका वाढतात, हे संशोधनातून चांगलं प्रस्थापित झालं आहे. म्हणून नुसत्या ओळखीवर, दुसरा कुठलाही स्वतंत्र पुरावा नसताना, आरोपपत्र दाखल करताना वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी कारणमीमांसा असावी. एका साक्षीदारावर शिक्षा देता येते, कायदा संख्या मागत नाही, हे मला माहीत आहे. पण तो एक साक्षीदार आणि आरोपी आधीपासून ओळखीचे होते की त्या रात्री पहिल्यांदा समोर आले, हा फरक आपल्या आरोपपत्रांत दिसतच नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखणं आणि अनोळखी माणसाला अंधारात पाहून महिन्याने ओळखणं, यांना एकाच तराजूत घालू नये.

अधिकारी म्हणतील, आधीच मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त आहे, सण आहेत, त्यात हे नवं ओझं. मी रोज ठाणेदारांना भेटते, त्यांचा ताण मला दिसतो. पण परेड आजही होते, जबाब आजही घेतला जातो. त्यासमोर एक मोबाइल उभा करायचा आहे आणि चार वाक्यं बोलायची आहेत. चुकीच्या माणसावर वर्षानुवर्षं चालवलेल्या खटल्यात जे मनुष्यबळ जातं, ते याच्या कित्येक पट आहे. दुसरा आक्षेप असा येईल की, यामुळे आरोपी सुटतील. काही सुटतील. ज्यांची ओळख मुळातच कच्ची होती, ते आजही सुटतात, फक्त दहा-पंधरा वर्षांनी, अपिलात. तोवर ना आरोपीचं आयुष्य परत येतं, ना तपास पुन्हा सुरू करण्यासारखं काही हाती उरतं.

शेवटची विनंती २०१९ च्या त्या निकालाविषयी. जबाबदार अधिकारी शोधण्याचा आदेश न्यायालयाने याच गृह विभागाला दिला होता. त्यावर काय चौकशी झाली, कुणावर काय कारवाई झाली, दडलेल्या त्या पहिल्या ओळखीचा माग पुन्हा काढला गेला का, याचा अहवाल विभागाने जाहीर करावा. गेलेल्या पाच जणांच्या घरच्यांना आणि सुटून आलेल्या सहा जणांना तो आधी मिळावा, आणि मग आम्हा सगळ्यांना.

आपली,
सत्र न्यायालयात काम करणारी एक वकील
मराठवाडा